छत्रपती संभाजीनगर : नगरकोट व दरवाजे

मराठवाड्याचे मुख्य ठिकाण असलेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराच्या जुन्या वस्तीभोवती, खाम नदीच्या पूर्वतीरास धरून उभारलेली मोगल अमदानीतील तटबंदी. मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी या खेड्याच्या जागी शहर वसविले. नहरींनी डोंगराचे पाणी घरोघर खेळविण्यात त्याची प्रज्ञा विशेषत्वाने दिसते, आजची तटरेषा मात्र त्याची नव्हे. दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या शाहजादा औरंगजेबाने 1653 मध्ये शहरास आपले नाव दिले, तरी कोट बांधण्याची निकड त्यास पुढे सुमारे तीन दशकांनी भासली.

ती निकड मराठ्यांनी निर्माण केली. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ लुटली, आणि 1681 च्या प्रारंभी संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत बुऱ्हाणपुराजवळील बहादुरपुरा व इतर संपन्न पुरे मराठ्यांच्या हाती लागले, तेव्हा उघड्यावर वसलेल्या बाजारपेठेची किंमत काय पडते हे बादशाही दरबारास पुरते उमगले. आणि 1682 मध्ये खुद्द औरंगजेब येथे दाखल झाल्यावर त्याच वर्षी या कोटाची उभारणी झाली. ज्या राजाच्या स्वारांपासून शहर राखावे म्हणून हा तट उभा राहिला, त्याच राजाचे नाव आज त्या शहरास आहे. इतिहासाचा असा विनोद सहसा पाहावयास मिळत नाही.

हेतू ध्यानी घेतला म्हणजे बांधणीचा अर्थही उलगडतो. महिनोगणती चालणाऱ्या वेढ्यास तोंड देण्यासाठी नव्हे, तर अचानक येऊन पेठ लुटून पसार होणाऱ्या घोडदळास अडविण्यासाठी हा कोट होता. म्हणून देवगिरीचा कातळात खोदलेला खंदक व एकामागून एक येणारे कोट पाहून आलेल्या प्रवाशास तो किरकोळ वाटल्यास नवल नाही. बांधकाम घडीव दगडाचे व भक्कम आहे. माथ्यावर पाकळ्यांसारख्या चर्या, त्यांत बंदुकीसाठी जंग्या, आणि दरवाजांच्या बगलेस व तटाच्या वळणांवर अर्धवर्तुळाकृती बुरूज असून त्यांवर हलक्या तोफा ठेवीत.

मुख्य दरवाजे चार : उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण व पश्चिमेस मक्का, यांखेरीज दुय्यम दरवाजे नऊ. लोकांच्या तोंडी असलेली बावन्न ही संख्या मुख्य तटाच्या या तेरा दरवाजांशी जुळत नाही. किल्ले अर्क हा बादशाही निवासाचा परिसर, निरनिराळे पुरे व शहरातील सुट्या कमानी यांची बेरीज केल्यासच ती पुष्कळशी वाढते. शिवाय सर्वांत भव्य म्हणून नावाजलेला भडकल दरवाजा कोटाहून कितीतरी जुना आहे : मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून तो 1612 मध्ये मलिक अंबराने बांधला, आणि ज्यांच्या पराभवाची ती खूण होती त्यांनीच पुढे नगराच्या शोभेत तिचा समावेश करून घेतला.

आज सलग तट कोठेच उरलेला नाही. इटलीतील लुका नगरीत तटाच्या माथ्यावरून सबंध शहरास फेरी घालता येते, तर व्हिएन्नाचा कोट 1857 च्या सम्राटाज्ञेने पाडून त्या जागी प्रशस्त वर्तुळाकार राजमार्ग आखण्यात आला; येथे मात्र राखण्याचाही हुकूम निघाला नाही, पाडण्याचाही नाही. 1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली, 1900 मध्ये लोहमार्ग आला तो कोटाबाहेर नैर्ऋत्येस, आणि शहर तिकडे वाढत गेले तसतसा निरुपयोगी ठरलेल्या तटाचा दगड हळूहळू घराघरांत जिरला. एखाद्या परसदारी अवचित दिसणारी बुरुजाची गोलाई हीच आता त्याची साक्ष.

त्यामुळे पाहणाऱ्याने दरवाजांच्या अनुरोधाने तटरेषा मनाशी जुळवावी हे उत्तम. सलीम अली सरोवराजवळील दिल्ली दरवाजापासून आरंभ करावा. तेथील उंच कमान व दोन्ही बाजूंचे भरभक्कम बुरूज पाहिले म्हणजे उरलेल्या तटाची कल्पना येते. पश्चिमेस खाम नदीवर पाणचक्कीलगत महमूद दरवाजा, आणि जवळच पुलासह मक्का दरवाजा आहे. या पुलावरून बेगमपुरा, बीबी का मकबरा व विद्यापीठ यांकडे जाणारी वर्दळ या अरुंद कमानीने दीर्घकाळ सोसली असून, दरवाजा राखावा की रस्ता रुंद करावा हा वाद या शहराला नवा नाही. दक्षिणेस पैठण दरवाजा गुलमंडीकडे जाणाऱ्या टिळक पथाच्या तोंडाशी, दुकानांच्या गर्दीत उभा आहे. पूर्वेकडील रोशन व कटकट दरवाजांची नावे वस्त्यांनीच घेतली आहेत. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी व प्रकाशयोजना झाली.

कोटानंतर दहा वर्षांनी, 1692 मध्ये औरंगजेबाने बांधविलेला किल्ले अर्क हा बादशाही निवासाचा स्वतंत्र परिसर. त्याच्या हद्दीत सध्या शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय असून काला, रंगीन व नौबत हे दरवाजे त्याच्याशीच निगडित होत.