सुरुंगाला घाम फुटतो तेव्हा

पिपरी मेघेत घर बांधून जमाना झाला, पण मे महिना लागला की जीव आगरगावच्या मावशीपाशी जातो. तिच्या शिवाराला लागूनच पुलगावचा दारूगोळा डेपो. सुमारे सात हजार एकरांचा, देशातला सर्वांत मोठा.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. तिथल्या सुरुंगांत भरलेला टीएनटी फळ्यावर काढायला सोपा: टोल्यूइनच्या कड्याला तीन नायट्रो गट. शुद्ध असला तर ८० अंशांपर्यंत घट्ट राहतो. अशुद्ध असला तर त्याआधीच त्यातून तेलकट द्रव पाझरतो. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतच पारा पंचेचाळीस गाठतो.

३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, रणगाडाविरोधी सुरुंगांची शेड पेटली. मावशी शेळ्या सोडून, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. दोन लष्करी अधिकारी गेले. आग विझवायला धावलेले कितीतरी जण परतलेच नाहीत. पुढे बोट दाखवलं गेलं ते सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीकडे.

डेपोला गवताचीही धास्ती. २८ एप्रिल २००० ला भरतपूरचा दारूगोळा जळाला, तेव्हा न कापलेल्या वाळल्या गवताचं नाव पुढे आलं होतं. मावशीला जो चारा, तोच डेपोला वैरी.

म्हाताऱ्या दारूगोळ्याची गत आणखी वेगळी. तो जमिनीत खड्डे खणून उडवतात. सोनेगाव आबाजीजवळच्या अशाच मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ ला सहा जण गेले. त्यांत रोजीवर आलेले गावातले मजूर होते. स्फोटानंतर उरलेलं पितळ-तांबं वेचून विकणारेही इथलेच.

टीएनटी पाण्यात उतरला आणि ऊन लागलं की पाणी लालसर होतं. जमिनीतूनही दारूगोळा सहजी जात नाही: फ्रान्समध्ये व्हर्दँच्या रणभूमीचा काही भाग पहिल्या महायुद्धापासून आजही शेतीला बंद आहे. तिथे लढाई झाली होती. आमच्याकडे लढाई कधीच आली नाही. आला तो नुसता साठा.

माझ्या टेबलावर मावशीच्या घरून आणलेला तळहाताएवढा लोखंडी तुकडा आहे, एका कडेला तांब्याची पट्टी. कुठे सापडला, विचारलं तर ती म्हणाली, "भेगेत." आमची काळी माती उन्हाळ्यात हातभर उलते, पडेल ते गिळते. पाऊस आला की फुगून मिटते. पुढच्या वखरणीला त्यातलं काहीतरी वर येतं.

मावशी वखराला लागलेला दगड बांधावर फेकते. लोखंड लागलं तर मात्र आधी बैल सोडते.