परमुलखातील कौशल्य आणि गणवेशावरील चिन्ह : कोकणी सैनिकांच्या मानचिन्हांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

सैनिकाच्या गणवेशावर दोन प्रकारची चिन्हे असतात. शौर्यपदक हे एखाद्या प्रसंगाचे, बहुधा काही मिनिटांच्या पराक्रमाचे स्मारक असते. कौशल्यचिन्ह मात्र दीर्घकाळ घेतलेल्या शिक्षणाची साक्ष देते. आज संयुक्त सरावांच्या निमित्ताने परदेशी गेलेला छत्रीधारी सैनिक यजमान सैन्याबरोबर उडी घेतो आणि त्या सैन्याचे पंखचिन्ह मिळवतो, ही प्रथा अनेक देशांत रूढ आहे. कोकणच्या संदर्भात या प्रथेचे मूळ शोधू गेल्यास दृष्टी बरीच मागे, थेट कंपनी सरकारच्या मुंबई लष्करापर्यंत न्यावी लागते. त्या काळी परमुलखात सिद्ध केलेल्या कौशल्याची खूण व्यक्तीला न मिळता पलटणीला मिळत असे, आणि ती देणारी सत्ताही परकीयच होती. प्रस्तुत लेखात अशा काही खुणांचा मागोवा घेतला असून, त्या कोणी दिल्या, कशासाठी दिल्या आणि त्या परत घेण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, या प्रश्नांवर भर दिला आहे.

भरतीचा मुलूख

एकोणिसाव्या शतकातील रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे होत. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. डोंगराळ, खडकाळ, तुटपुंज्या भातशेतीचा हा प्रदेश मुंबई लष्कराला आणि मुंबईच्या पोलीस दलाला माणसे पुरवणारा प्रमुख प्रदेश होता. दापोली येथे लष्करी छावणी होती. ‘कँप’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘काप दापोली’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले आणि छावणी मोडल्यावरही टिकले. निवृत्तिवेतनधारक शिपाई, हवालदार आणि सुभेदार यांची वस्ती तेथे वाढली. भरती करणारे इंग्रज अधिकारी मराठ्यांचे ‘कोकणी’ आणि ‘देशी’ असे दोन वर्ग मानत व पलटणींतील कंपन्याही त्यानुसार रचत. या वर्गीकरणामागे शास्त्रापेक्षा ग्रह अधिक होते. पण त्याचा परिणाम खरा होता. कोणत्या गावातील कोणत्या जातीच्या तरुणाला लष्कराचे दार उघडे राहील हे त्यावरून ठरत असे.

‘लाइट इन्फन्ट्री’ : पदवी की कौशल्य?

आज ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ हे नाव इतके परिचित झाले आहे की त्यातील ‘लाइट’ या शब्दाकडे सहसा लक्ष जात नाही. हा शब्द मूळचा युरोपीय युद्धतंत्रातला. हलके पायदळ म्हणजे मुख्य रांगेच्या पुढे विखरून लढणारे, जलद गतीने चालणारे, आणि ढोलाऐवजी बिगुलाच्या इशाऱ्यावर हालचाल करणारे पायदळ. म्हणूनच बिगुल हे त्याचे चिन्ह ठरले. ही पदवी एखाद्या देशी पलटणीला मिळणे म्हणजे त्या कौशल्यात ती युरोपीय पलटणींच्या तोडीची असल्याचे सरकारी प्रमाणपत्र मिळणे होय.

ते प्रमाणपत्र मिळाले ते परमुलखातील कामगिरीवर. ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणीच्या एका तुकडीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहूनचा किल्ला, बाहेरून मदत तुटलेली असताना, अनेक महिने लढवला. पुढच्याच वर्षी त्या पलटणीला लाइट इन्फन्ट्री हा दर्जा मिळाला. मुंबईच्या तिसऱ्या आणि दहाव्या पलटणीला तो १८७१ मध्ये मिळाला. त्यामागे १८६७-६८ ची ॲबिसीनियाची मोहीम होती. सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखालील ही फौज मुंबई बंदरातून निघाली, तांबड्या समुद्राच्या काठी झुला येथे उतरली आणि डोंगरी पठारावरून शेकडो मैलांची वाटचाल करून एप्रिल १८६८ मध्ये मगदला येथे पोहोचली. या मोहिमेत प्रत्यक्ष लढाई अल्प झाली. कस लागला तो चालण्याचा, ओझे वाहण्याचा आणि डोंगर चढण्याचा. सह्याद्रीचे घाट चढउतार करणाऱ्या माणसांना हे कौशल्य इंग्रजांनी शिकवले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इंग्रजांनी त्याला कवायतीची शिस्त, बिगुल आणि नाव दिले, इतकेच फार तर म्हणता येईल. १९२२ च्या पुनर्रचनेत सर्व मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या, बेळगाव हे तिचे केंद्र झाले आणि लाइट इन्फन्ट्री ही पदवी सगळ्यांची झाली.

अनर्ह ठरवलेले कौशल्य

याच काळात, याच जिल्ह्यात, नेमकी उलटी घटना घडत होती. मुंबई लष्करात महार शिपायांची परंपरा जुनी होती. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे आढळतात, ती याच परंपरेची. परंतु ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताने १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीत राहिले. दापोलीतच स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यात पुढाकार घेतला. ज्यांनी तीन-तीन पिढ्या चाकरी केली, त्यांना आपण लढू शकतो हे कागदावर सिद्ध करावे लागले. कौशल्याची खूण देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण कोकणच्या इतिहासात शोधावे लागणार नाही.

पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच, १९२१ मध्ये, मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये बेळगाव येथे. तिच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ती मशिनगन रेजिमेंट झाली आणि तिच्या चिन्हावर एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. एका परीने हा बदल लक्षणीय आहे. स्तंभ पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण देत होता, तर मशिनगन हातातील कौशल्याची. ज्यांना शिपाईगिरीस अपात्र ठरवले गेले, त्यांच्याच टोपीवर आधुनिक पायदळातील एका अवघड, यांत्रिक विद्येचे चिन्ह आले.

कूत आणि ‘रॉयल’

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमारा येथे ही फौज वेढली गेली आणि अखेर उपासमारीने शरण आली. सैनिक व सेवेकरी मिळून सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातील सक्तीच्या वाटचालीत आणि पुढील कैदेत असंख्य मरण पावले. कोकणातील घरांना बोटीच्या टपालाने येणारी मनिऑर्डर थांबणे, हीच कित्येकदा या पराभवाची पहिली वार्ता असली पाहिजे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तीस वर्षे रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचे तेथे निधन झाले. साम्राज्याने एका राजाला रत्नागिरीत आणून ठेवले आणि रत्नागिरीच्या मुलांना तैग्रिसच्या काठी नेऊन सोडले, असा हा विलक्षण योग म्हणावा लागेल.

मेसोपोटेमियातील सेवेबद्दल ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. हा बहुमान मोठा होता यात शंका नाही. परंतु तो राजनिष्ठेचा होता, कौशल्याचा नव्हे. शरणागतीने संपलेल्या मोहिमेचा सन्मान किताबाने झाला, तेव्हा त्यात सांत्वनाचा अंश किती होता हे तपासण्यासारखे आहे.

मोंतोने, १० जुलै १९४४

व्हिक्टोरिया क्रॉससाठी हिंदी सैनिक पात्र ठरले ते १९११ मध्ये. तोपर्यंत १८३७ मध्ये सुरू झालेले ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ हेच त्यांच्यासाठी सर्वोच्च पदक होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीतील.

पहिल्याचे मानकरी नाईक यशवंत घाडगे हे रत्नागिरीला लागून असलेल्या तत्कालीन कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. वय अवघे बावीस. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने गावाजवळ, १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या सेक्शनवर जवळूनच मशिनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले, हातबॉम्बने मशिनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि गोळ्या संपल्यावर ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारले. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ताब्यात घेतलेल्या मोर्च्यातच त्यांना मृत्यू आला. त्यांची कबर ज्ञात नाही. कासिनो येथील स्मारकावर नाव कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये मोंतोने येथे त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. पदक देणारे साम्राज्य लयास गेल्यावर, ज्या भूमीवर ते लढले तिने स्वतःहून दिलेला हा मान अधिक मोलाचा मानावा लागेल.

दुसरे मानकरी नामदेव जाधव हे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून वाहून नेल्यानंतर त्यांनी एकट्याने तीन मशिनगन मोर्चे निकामी केले.

पंखांचे चिन्ह

घाडगे ज्या तिसऱ्या पलटणीत होते, ती म्हणजे ॲबिसीनियाला गेलेली आणि कूतला कैद झालेली जुनी दहावी, नंतरची ११० वी. युद्धानंतर तिला छत्रीधारी पलटण करण्यात आले. विमानातून उडी मारण्याची विद्या हिंदी सैन्यात १९४१ पासून ब्रिटिश पद्धतीने शिकवली जात होती. प्रशिक्षणशाळा रावळपिंडीजवळील चकलाला येथे होती. फाळणीत चकलाला पाकिस्तानात गेले, म्हणून नवी शाळा आग्र्यास उभारावी लागली. ब्रिटिश छत्रीधारी सैन्याचा पंख असलेला घोडा, ग्रीक पुराणातील पेगॅसस, ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडच्या बाहीवरही होता. पुढे त्याच्या जागी ‘शत्रुजित’ आला. चिन्ह देशी झाले, पंख मात्र तसेच राहिले, ही गोष्ट मार्मिक आहे.

१५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली आणि ही पलटण ‘२ पॅरा (मराठा)’ झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तिने पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उडी घेतली. सुमारे ७०० जवान सायंकाळी खाली उतरले आणि लोहजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन त्यांनी उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. पाच दिवसांनी ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत ही पलटण होती. परकीयांकडून घेतलेली विद्या या वेळी स्वतंत्र देशाच्या आज्ञेवरून, एका नव्या देशाच्या जन्मासाठी वापरली गेली. जुनी तिसरी, म्हणजे ‘जंगी पलटण’, हिचाही मार्ग असाच बदलला. १९७९ मध्ये ती यांत्रिक पायदळाची पहिली पलटण झाली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यादीतील पहिला व तिसरा हे क्रमांक त्यानंतर कोणालाही देण्यात आलेले नाहीत.