‘कंटिन्जंट’ : एका लष्करी शब्दाची हकिकत

निजामी अमदानीविषयी बोलताना आपल्याकडे ‘तैनाती फौज’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. जिथे इंग्रज अंमलदाराच्या हाताखाली एतद्देशीय शिपाई दिसला, तिथे तैनाती फौज, असा सरसकट समज आहे. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादेस, ज्या घोडदळाची छावणी होती ते तैनाती फौजेचे नव्हते. ते ‘हैदराबाद कंटिन्जंट’चे होते. हा भेद म्हणजे पंडितांचा काथ्याकूट, असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. या एका शब्दापायी निजामाचा एक सबंध प्रांत गेला आणि कित्येक स्वार प्राणास मुकले.

तैनाती फौज ही कंपनी सरकारची. ती निजामाच्या मुलखात राहावयाची आणि तिचा खर्च निजामाने सोसावयाचा. 1800 च्या तहाने निजामाने या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा हे जिल्हे कंपनीस कायमचे तोडून दिले. म्हणजे तो हिशेब तिथेच चुकता झाला. त्याच तहाच्या बाराव्या कलमात आणखी एक अट होती. युद्ध उद्‌भवल्यास निजामाने आपले स्वतःचे 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ कंपनीच्या मदतीस धाडावे. कंटिन्जंटची मुळी या कलमात आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘स्पर्श होणे, ओढवणे, वाट्यास येणे’ असा त्याचा धात्वर्थ. त्यावरून इंग्रजीत दोन अर्थ फुटले. एक, जे घडेल किंवा न घडेल, प्रसंगावर अवलंबून आहे ते. कचेरीतला ‘कंटिन्जन्सी’चा किरकोळ खर्च याच घरचा. दुसरा लष्करी : अनेक दोस्तांनी मिळून लढाई करावयाची असता ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेली फौज. दोन्ही अर्थांत नित्याचे, कायमचे असे काही नाही. प्रसंग आला की जमावयाचे, प्रसंग सरला की आपापल्या घरी जावयाचे.

प्रत्यक्षात घडले ते याच्या उलट. 1803 च्या शिंदे-भोसल्यांवरील मोहिमेत निजामाची फौज कुचकामी ठरली, ही तक्रार निमित्तास पुरली. रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 च्या सुमारास हैदराबादेस कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांस ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. घोडदळाचीही तशीच सुधारणा झाली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. पेशवाई बुडाली, युद्ध संपले. फौज काही संपली नाही. तिच्या पगारासाठी पामर कंपनीच्या पेढीचे कर्ज निघाले आणि पुढे खुद्द कंपनी सरकारचे कर्ज चढत गेले.

1853 मध्ये डलहौसीने या कर्जाचा तगादा लावला. नवल असे की, शांततेच्या काळात ही फौज पोसण्यास बाराव्या कलमाने निजाम बांधलेला आहे, असे प्रामाणिक माणूस म्हणून आपणांस म्हणता येणार नाही, अशी कबुली त्यानेच आपल्या टिपणात देऊन ठेवली आहे. कबुली दिली आणि मागणी पुढे रेटली! 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. निदान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि चार तोफखाने कायमचे ठेवावयाचे ठरले. ‘प्रसंगोपात्त’ असा अर्थ असलेले नाव कायमच्या फौजेस तहानेच चिकटले.

मोमिनाबादचा स्वार या शब्दाचा अर्थ कोशातून शिकला नव्हता. तो शिलेदार होता. घोडा त्याचा स्वतःचा किंवा त्याच्या घरच्यांचा. आपण निजामाचे चाकर, चाकरी दख्खनेत, एवढे तो जाणत होता. जून 1857 मध्ये पहिल्या रिसाल्याची तुकडी मोमिनाबादहून औरंगाबादेस आणली, तेव्हा आपणांस सरहद्दीपार दिल्लीच्या बादशहावर नेणार, अशी आवई उठली. स्वारांनी सरहद्द ओलांडण्यास साफ नकार दिला. ते बंड होते की कराराची आठवण होती? पुणे प्रांतातून निघालेली जनरल वुडबर्नची फौज 23 जूनच्या सुमारास औरंगाबादेस पोहोचली, आणि हा प्रश्न विचारण्याचे कोणास कारण उरले नाही. पकडलेल्यांस लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिले. त्या सालचा इतिहास सांगताना दिल्ली, कानपूर, झाशी ही नावे आपल्या ओठांवर असतात. अंबाजोगाईच्या छावणीतून निघालेले हे स्वार मात्र आपल्या गावीही नसतात.

1860 मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. सालारजंगाने पुढे पुष्कळ खटपट केली, 1876 मध्ये तो विलायतेसही जाऊन आला. पदरी काही पडले नाही. अखेर 1902 मध्ये कर्झनने सालीना 25 लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा करून घेतला. ज्या फौजेच्या खर्चासाठी म्हणून प्रांत घेतला, ती फौज दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि कंटिन्जंट हे नाव पुसले गेले. मोमिनाबादची छावणीही मोडली.

घोडदळातून ‘डेक्कन हॉर्स’ आणि ‘गॉर्डन्स हॉर्स’ ही नावे निघाली. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणधुमाळीत 20 व्या डेक्कन हॉर्सने भाले सरसावून हल्ला चढविला. दख्खनेबाहेर पाऊल न टाकण्याचा 1857 चा वाद तोवर सगळेच विसरले होते. हीच पलटण 1965 मध्ये असल उत्तर येथे रणगाड्यांवर लढली. पायदळाच्या पलटणी पुढे ‘19 वी हैदराबाद रेजिमेंट’ या नावाखाली आल्या. त्यांत भरती कुमाऊंच्या पहाडातली होऊ लागली होती, म्हणून 1945 मध्ये तिचे नाव बदलून ‘कुमाऊं रेजिमेंट’ असे ठेवण्यात आले.