नॉन-बीटी पाकिटाची कुळकथा

खरीप २००२ पासून पुढे जवळजवळ दोन दशके कृषी सेवा केंद्रातून बीटी कपाशीची थैली घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात दोन प्रकारची सरकी पडत असे: एका एकराला पुरणारी ४५० ग्रॅम बीटी सरकी, आणि सोबतच्या छोट्या पाकिटात १२० ग्रॅम नॉन-बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन ज्यात नाही अशी साधी सरकी. विदर्भात आणि मराठवाड्यात हे पाकीट कुठे ‘नॉन-बीटी’ तर कुठे ‘रेफ्युजी’ म्हणून ओळखले गेले, आणि पुष्कळदा ते फोडलेही गेले नाही. भारतीय शेतीतील जैवतंत्रज्ञानाच्या नियमनाचा जो भाग शेताच्या धुऱ्यापर्यंत पोहोचला तो एवढाच, म्हणून त्याचे कूळ तपासण्याजोगे आहे.

या कुळाचा आरंभ एका जिवाणूत सापडतो. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता शिगेताने यांना रेशीमकिड्यांच्या एका रोगाच्या मुळाशी तो आढळला; पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातून आलेल्या पिठातील पतंगाच्या अळ्यांमध्ये अर्न्स्ट बर्लिनर यांना तोच पुन्हा सापडला आणि प्रांताच्या नावावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, संक्षेपाने बीटी, हे नाव मिळाले. या जिवाणूचे प्रथिन अळीच्या आतड्याला भोके पाडते. ते तयार करणारे जनुक मोन्सॅन्टो कंपनीने कपाशीत घातले आणि १९९६ मध्ये असे वाण अमेरिकेत विक्रीस आले, तेव्हा तेथील पर्यावरण संस्थेने परवान्यालाच एक अट जोडली: काही क्षेत्रावर साधी कपाशी लावलीच पाहिजे.

या अटीमागचा विचार वरवर पाहता उफराटा वाटतो, कारण त्यात शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने काही अळ्या जगवणे अपेक्षित असते. अळ्यांच्या मोठ्या संख्येत बीटीला दाद न देणारी एखादी अळी असतेच, परंतु हा गुण बहुधा अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून आला तरच प्रकट होणारा, असतो. तेव्हा शेजारच्या साध्या कपाशीवर वाढलेल्या असंख्य सामान्य पतंगांपैकी एकाशी त्या विरळ पतंगाचा संयोग झाला, तर त्यांची संतती बीटीवर मरते आणि प्रतिकारशक्ती पसरणे लांबते. अशा साध्या पिकाला आश्रय पीक म्हणतात.

भारतात या अटीला कायद्याचा आधार पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांनी दिला. जनुकीय बदल केलेल्या बियाण्याच्या व्यापारी वापराला परवानगी देणारी समिती, जीईएसी, याच नियमांतून जन्मली. जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना या समितीने २६ मार्च २००२ रोजी मान्यता दिली. त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत ‘नवभारत १५१’ या नावाने विनापरवाना बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी असल्याचे उघड झाले होते; म्हणजे नियम कागदावर असतानाही बियाणे त्यांच्यापुढे धावत होते. मान्यतेतील अट अशी होती की बीटीच्या शेताभोवती त्याच वाणाच्या नॉन-बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा पट्टा असावा.

येथे थोडे गणित करून पाहावे. चौकोनी एकराची बाजू सुमारे २०९ फूट असते. ओळींत चार फुटांचे अंतर धरले तर चारही बाजूंच्या पाच ओळींचा पट्टा वीस फूट रुंदीचा होतो आणि एक तृतीयांशाहून अधिक जमीन व्यापतो. १२० ग्रॅम सरकी मात्र थैलीतील एकूण सरकीच्या जेमतेम २१ टक्के भरते. अटीतील ‘जे अधिक’ हे शब्द लहान शेताच्या बाबतीत पाकिटानेच गाळून टाकले होते, आणि हे पाकीट आखणाऱ्यांच्या नजरेसमोर दोन-तीन एकरांचा कोरडवाहू कास्तकार नव्हता असेच म्हणावे लागते. त्याच्या दृष्टीने धुऱ्यावर अळीसाठी कपाशी लावणे म्हणजे बियाणे, खत आणि निंदणी जाणूनबुजून वाया घालवणे होते; लाभ सगळ्या जिल्ह्याचा, तोटा त्याच्या एकट्याचा. पाकिटातील वाण पुष्कळदा थैलीतील वाणाहून वेगळे असे आणि त्याचा फुलोराही वेगळ्या वेळी येई. तपासणीस कोणी येत नसे. अशा स्थितीत पाकीट न फोडणे हा अडाणीपणा नसून साधा हिशेब होता.

त्याचा परिणाम सर्व किडींवर सारखा झाला नाही. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगत असल्याने तिला नैसर्गिक आश्रय आपोआप मिळाला. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कपाशीवर पोसते. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी केले तेही भडोच भागातील कपाशीवरून. शिवाय भारतात बीटी जनुक सरळ वाणांऐवजी मुख्यतः संकरित वाणांतून आले. संकरित झाडात ते एकाच पालकाकडून येत असल्याने बोंडातील सुमारे चतुर्थांश सरकीत ते नसते, आणि सरकी खाणाऱ्या या अळीला एकाच बोंडात कमी-अधिक विषाची सवय होत जाते. फरदड घेण्यासाठी, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवण्यासाठी, शेत उन्हाळ्यापर्यंत अडकले की तिच्या पिढ्याही वाढतात. २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच गुजरातेतील चार जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे जाहीर केले. दोन जनुकांची, २००६ मध्ये मान्यता मिळालेली दुसरी पिढीही टिकली नाही, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी अळीने बोंडे आतून पोखरली. याउलट ॲरिझोनात शेतकऱ्यांनी आश्रय पीक दशकभर पाळले, पुढे नपुंसक पतंग सोडण्याची त्याला जोड दिली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कपाशी पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याची घोषणा झाली.

त्यानंतर भारतात वेगळे पाकीट मोडीत निघाले. आता ४७५ ग्रॅमच्या एकाच थैलीत ५ ते १० टक्के नॉन-बीटी सरकी आधीच मिसळलेली असते, त्यामुळे ती वेगळी काढून फेकण्याची सोय उरली नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या हिरव्या अळीच्या बाबतीत या मिश्रणावर आक्षेप घेता येतो. गुलाबी अळी मात्र बहुधा एकाच बोंडात मुक्काम करते, त्यामुळे तिच्यासाठी ही पद्धत अधिक सोयीची आहे. ही सुधारणा अळीने दोन्ही जनुके पचवल्यानंतर आली, एवढाच तिचा दोष. याच सुमारास तणनाशक सहन करणारे, मान्यता नसलेले एचटीबीटी वाण बाजारात शिरले होते आणि १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने त्याची उघड लागवडही केली. ‘चोर बीटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या थैलीला परवाना नाही, सरकारने ठरवलेली किंमत नाही आणि पक्के बिलही नाही. तेव्हा तिच्यात आश्रयाची सरकी किती असावी, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याच समितीकडे पोहोचत नाही.