साठ हजारांचा नियम आणि आमची छावणी

परवा अमेरिकेहून नातवाचा फोन आला. शाळेत त्याला तिथल्या राज्यांच्या तारखा पाठ करायच्या आहेत. डेलावेअर पहिलं, १७८७. हवाई पन्नासावं, २१ ऑगस्ट १९५९. मग म्हणाला, "आजोबा, तुमची तारीख कोणती?"

मी पडलो मास्तर! लगेच सांगितलं, १ मे १९६०. म्हणजे हवाईनंतर जेमतेम आठ महिन्यांनी. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आम्हा बदलापूरच्या पोरांना परवच्यासारख्या पाठ होत्या.

फोन ठेवल्यावर मात्र मन भलतीकडेच गेलं. १७८७ साली तिकडे ओहायो नदीपलीकडच्या मुलखासाठी एक कायदा झाला होता. साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की त्या भागाला राज्य होता येई. (ती जमीन मुळात कोणाची होती, हे पुस्तकात दिलंय का बघ, असं नातवाला सांगायचं राहिलं.)

आता आमच्या शेजारचं उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणजवळची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचं बारसं झालं, नाव उल्हास नदीवरून. पण पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात.

डोक्यांचा हिशेब लावला तर साठ हजारांची अट त्यांनी केव्हाच ओलांडली होती. गंमत म्हणजे, १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता! वेगळा प्रांत झाल्यावर अकरा वर्षांत त्यातली माणसं परत मुंबई राज्यातच आली, पण घरदार टाकून.

अंबरनाथला नोकरीला लागलो त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. भाषावार प्रांतरचना शिकवत होतो. मराठीचा महाराष्ट्र, गुजरातीचा गुजरात... मागच्या बाकावरून एका सिंधी मुलाने विचारलं, "सर, आमचं कुठलं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवलं.

खरं तर सांगण्यासारखं होतं की. १९६७ साली सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला होता. राज्य नसताना भाषेला मान मिळाला, ही काय लहान गोष्ट? मला ती ठाऊक होती, पण त्या क्षणी सुचली नाही. सुचली असती तरी वर्गाच्या हसण्यापुढे बोललो असतो का, कोण जाणे.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो विठ्ठलवाडीला भेटला. स्वतःचं दुकान होतं. मीच तो विषय काढला. त्याला काही आठवेना. "सर, चहा तरी घ्या," म्हणाला, आणि पोराला हाक मारली, ती अस्सल मराठीत.

असो. नातवाला आज ई-मेल केली आहे. १ मे १९६०च्या खाली ८ ऑगस्ट १९४९ सुद्धा लिहिली आहे.