पितळ आणि पथ्य

जीप १९४१ साली अमेरिकेच्या फौजेत भरती झाली आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रांकडे जुळू लागली. पण तिच्या तेलाचं पथ्य आम्ही कधी विचारलंच नाही. मेस्त्री म्हणतो, "नव्वद नंबर टाका!" पण नव्वद हा झाला दाटपणा; स्वभाव वेगळाच.

डिफरन्शियलमधली हायपॉइड चाकं १९२६ साली पॅकार्डने मोटारीत आणली. त्यांचे दात घासत सरकतात, म्हणून त्यांना गंधकाचं जहाल जीएल-५ लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी कड्या. 'महाग तेच चांगलं' म्हणून तिथेही जीएल-५ ओतलंत, तर त्या बिचाऱ्या झिजू लागतात. माणसाचं पितळ उघडं पडतं, जीपचं तेलात उतरतं!

तेव्हा गिअरबॉक्सला जीएल-४च द्यावं. दोघं सख्खे भाऊ खरे. पण एकाला तिखट लागतं, दुसऱ्याला सोसत नाही.