शिट्टीनंतरचा सामना

फुटबॉलमधल्या बेशिस्तीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं आकड्यांवर जातं. किती कोटींचा दंड, किती गुण कापले, किती सामन्यांची बंदी. मला त्याआधी एकच विचारायचं असतं: ही शिक्षा कुणाच्या माथी बसली? 20 डिसेंबर 2015 च्या रात्री गोव्यात, फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यानंतर जे घडलं ते तासातासाने मांडून पाहिलं की हा प्रश्न टाळता येत नाही. त्या रात्री कुणाचा जीव गेला नाही. पण फुटबॉल जगणाऱ्या एका राज्याच्या संघाची अब्रू एका संध्याकाळीत गेली आणि तिची किंमत भलत्यांकडून मागितली गेली.

तीन वर्षं आधी : 9 डिसेंबर 2012, कोलकाता

सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना चालू होता. मोहन बागानच्या ओडाफा ओकोलीला लाल कार्ड मिळालं आणि गॅलरी पेटली. प्रेक्षकांतून आलेला दगड मोहन बागानच्याच सय्यद रहीम नबीच्या चेहऱ्यावर बसला. मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलाच नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला आय-लीगमधून दोन वर्षांसाठी बाद केलं. मग 15 जानेवारी 2013 ला तीच बंदी मागे घेतली. राहिले ते दोन कोटींचा दंड आणि तोवर मिळवलेल्या गुणांवर फिरवलेला बोळा.

याच शहरात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर, याच दोन संघांच्या सामन्यात, दोन खेळाडू एकमेकांना भिडले, दोघांनाही बाहेर काढलं गेलं आणि गॅलरीत उसळलेल्या हाणामारीत व चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक मेले. मैदानातली धक्काबुक्की गॅलरीत पोहोचायला किती कमी वेळ लागतो हे त्या शहराला कुणी शिकवायला नको होतं. तरीही 2012 मध्ये शिक्षा कशी झाली? आधी डोंगराएवढी, महिन्याभरात निम्म्याहून कमी. देशातल्या प्रत्येक क्लबने ते पाहिलं. निकाल लागला तरी तो शेवटचा नसतो, अपील करा, भेटीगाठी घ्या, काहीतरी सुटेल, असाच अर्थ त्यातून निघत होता.

आठ दिवस आधी : 12 डिसेंबर 2015, बालेवाडी

चेन्नई पुराच्या पाण्याखाली होती. त्यामुळे इंडियन सुपर लीगमधला चेन्नईयिन एफसीचा घरच्या मैदानावरचा उपांत्य सामना आपल्या पुण्यात, बालेवाडीला हलवण्यात आला. आमच्या खोडदहून नारायणगावला आलं आणि नाशिक रस्ता धरला की बालेवाडी काही लांब नाही. आमच्याकडच्या मुलांना एवढा मोठा फुटबॉल इतक्या जवळ क्वचितच मिळतो. चेन्नईयिनने ॲटलेटिको डी कोलकाताला 3-0 असं हरवलं. चेन्नईयिनचा प्रशिक्षक होता मार्को मातेराझ्झी.

या माणसापाशी थोडं थांबायला हवं. 9 जुलै 2006 ला बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदानने ज्याच्या छातीवर डोकं हाणलं तो हाच. फिफाने अकरा दिवसांत निकाल दिला. झिदानला तीन सामन्यांची बंदी आणि 7,500 स्विस फ्रँक दंड झाला. मातेराझ्झीला दोन सामने आणि 5,000 फ्रँक. झिदान निवृत्त झालेला असल्याने बंदीला अर्थ उरला नव्हता, म्हणून तो मुलांसोबत समाजसेवा करायला तयार झाला. मारणारा आणि डिवचणारा, दोघांनाही आपापल्या वाट्याची शिक्षा मिळाली, तीही लोकांना प्रसंग ताजा आठवत असताना. फ्रान्सच्या संघाचे गुण कापले नाहीत, इटलीचा चषक काढून घेतला नाही. मला आजवर पाहिलेल्या शिस्तभंगाच्या निकालांपैकी हा सर्वांत सरळ वाटतो.

पाच दिवस आधी : 15 डिसेंबर, फातोर्डा

एफसी गोवाने दिल्ली डायनामोजला 3-0 असं नमवून अंतिम फेरी गाठली. अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच होता. झिकोसारखा प्रशिक्षक, घरचं मैदान, आणि महिन्याभरापूर्वीच मुंबई सिटीला 7-0 असं लोळवलेलं. मडगावात चषकाची जागा ठरवायची तेवढी बाकी होती.

क्लबच्या मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपे ही दोन नावं होती. गोव्याच्या फुटबॉलमध्ये ती काल आलेली नव्हती. धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं आहे, साळगावकर क्लबने दोनदा. टीव्हीचा पैसा यायच्या कितीतरी आधीपासून या घराण्यांनी खेळाडू पोसले. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं वाईट वाटतं, आणि म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही जास्त होती.

रविवार, 20 डिसेंबर, संध्याकाळी सातच्या सुमारास

गोवा विरुद्ध चेन्नईयिन, अंतिम सामना सुरू झाला. मैदान भरलेलं. पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत गोल नाही.

54 वं मिनिट

चेन्नईयिनला पेनल्टी. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने ब्रुनो पेलिसारीचा फटका अडवला, पण परत आलेला चेंडू पेलिसारीनेच आत ढकलला. 0-1.

58 वं मिनिट आणि त्यानंतर

थोंगखोसिएम हाओकिपने बरोबरी साधली. काही मिनिटांतच चेन्नईयिनला दुसरी पेनल्टी मिळाली. या वेळी समोर स्टिव्हन मेंडोझा, त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा. कट्टीमनीने तीही अडवली. अंतिम सामन्यात एका गोलरक्षकाने दोन पेनल्टी अडवाव्यात, यापेक्षा मोठं काय करायचं असतं त्याने!

पण एका सामन्यात दोन पेनल्टी विरोधात गेल्या की गॅलरीत आणि मालकांच्या कक्षात काय शिजतं, हे कुठल्याही मैदानावर सारखंच असतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या आणि तालमींच्या सामन्यांना जे गेलेत त्यांना सांगायला नको. निर्णय चूक की बरोबर हे कुणी पाहत नाही; हिशेब मनात मांडला जातो. सामना चालवणाऱ्यांनी सावध व्हायची वेळ हीच होती. आता शेवटची शिट्टी कशीही वाजली तरी एक बाजू चिडलेली असणार, हे उघड होतं. मग शिट्टी वाजल्यावर मैदानात कोण येईल आणि कोण येणार नाही, हे तेव्हाच पक्कं करायला हवं होतं.

87 वं मिनिट

होफ्रेची फ्री किक थेट गोलमध्ये. गोवा 2-1 ने पुढे. तीन मिनिटं उरली होती. फातोर्ड्याच्या गॅलऱ्यांत लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

90 वं मिनिट

गोलसमोर गर्दी झाली, उंच चेंडू आला आणि कट्टीमनीच्याच अंगाला लागून तो जाळीत गेला. स्वयंगोल. 2-2. दोन पेनल्टी अडवणाऱ्याच्या नावावर हाही गोल लागला. तो क्षण आठवला की आजही पोटात कालवतं.

90 अधिक 2

मेंडोझाने गोल केला. 2-3.

शिट्टीनंतर

इथपर्यंत जे झालं तो खेळ होता. क्रूर, पण खेळ. अंतिम सामने असे हरले जातात आणि वीस-वीस वर्षं सांगितले जातात.

यानंतर मैदानावर चेन्नईयिनचा जल्लोष चालू असताना त्यांचा ब्राझिलियन तारा एलानो ब्लुमर आणि गोव्याचे सहमालक साळगावकर यांच्यात वाद झाला. एलानोने आपल्यावर हात उचलला, अशी साळगावकरांची तक्रार होती. आरोप कितपत खरा, हे ठरवायला मी बसलेलो नाही. माझा प्रश्न आधीचा आहे. हरलेल्या संघाचा मालक आणि जिंकलेल्या संघाचा खेळाडू त्या घटकेला समोरासमोर आलेच कसे? पंच, खेळाडू, राखीव खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर एवढ्यांचंच मैदान असतं ते. मालकाची जागा वर, गॅलरीत. हा नियम कागदावर असून भागत नाही, तो पाळून घेणारा अधिकारी तिथे उभा असावा लागतो, आणि त्याला मालकालाही अडवायची ताकद असावी लागते. खेळाडूने मैदानाबाहेर जाऊन प्रेक्षकाला हात लावला तर त्याला आपण महिनोन् महिने घरी बसवतो. मग बाहेरच्याने मैदानात पाऊल टाकलं तर त्याला त्याच तराजूत का तोलू नये?

पारितोषिकाची वेळ

एफसी गोवाचा संघ समारंभाला आला नाही. उपविजेत्यांची जागा रिकामी राहिली.

एक बाजू मी समजू शकतो. सहमालकावर हल्ला झाला असं ज्या क्लबला वाटतं, त्याला मंचावर हसून पदकं घ्यायला जड जाणारच. पण संघ न नेण्याचा निर्णय घेतला कुणी? त्या खेळाडूंना देशाच्या सर्वांत मोठ्या लीगच्या अंतिम सामन्याचं पदक गळ्यात घालून घ्यायचं होतं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. अपमान झाला असेल तर तक्रारीचा मार्ग खुला होता, आणि तो वापरलाही गेला. समारंभावरचा बहिष्कार त्यात काहीच भर घालत नव्हता.

रात्री, मडगाव

गोवा पोलिसांनी एलानोला अटक केली. मारहाण, अडवणूक, अपमान अशी भारतीय दंडविधानाची कलमं, 323, 341, 504. मग जामीन. चषक जिंकलेल्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू विजयाच्या रात्री पोलीस ठाण्यात होता. दुसऱ्या दिवशी सगळीकडे अटकेची चर्चा. मेंडोझाचा गोल मागे पडला आणि कट्टीमनीच्या दोन पेनल्टीही.

साडेचार महिन्यांनी : 5 मे 2016

लीगच्या नियामक आयोगाने निकाल दिला. समारंभावर बहिष्कार आणि लीगची बदनामी यासाठी एफसी गोवाला 11 कोटी रुपयांचा दंड. साळगावकर आणि धेंपे या दोघांवर दोन-तीन हंगामांची बंदी. आणि पुढच्या हंगामात क्लबचे 15 गुण वजा.

बंदीबद्दल माझी तक्रार नाही. निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यावरच ती होती, आणि अधिकार जेवढा मोठा तेवढी शिक्षा मोठी, हे तत्त्व मला मान्य आहे. पण गुण कुणाचे कापले? पुढच्या हंगामात जो मुलगा वास्को किंवा मडगावहून नव्याने संघात येणार, त्याचे. तिकीट काढून येणाऱ्या माणसाचे. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी बाद झाली तर ती त्या गाड्याची बाद होते. त्या गावाचे पुढच्या वर्षीचे बैल कुणी घाटाबाहेर काढत नाही. गुण कापावेत ते संघाने गुणांसाठीच लबाडी केली असेल तेव्हा: अपात्र खेळाडू उतरवला, सामना विकला, मुद्दाम मैदान सोडलं. हरल्यानंतर समारंभाला न आल्याने गोव्याला एकही गुण जास्त मिळाला नव्हता.

आणि उशीर. झिदानला अकरा दिवस, इथे साडेचार महिने. तोवर खेळाडूंचे करार संपलेले असतात, लोक आयपीएल पाहत असतात, आणि निकाल येतो तो वकिलांच्या भाषेत. शिस्तीचा निकाल पंधरा दिवसांत लागलाच पाहिजे, आणि कोणत्या गैरवर्तनाला काय शिक्षा याचा तक्ता हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक क्लबच्या हातात असला पाहिजे. मग 11 कोटी कुठून आले, हे विचारायची पाळी येणार नाही.

अपिलानंतर

अपील समितीने मालकांवरची बंदी उठवली, गुणकपात रद्द केली आणि दंड 6 कोटींवर आणला.

गुण परत मिळाले हे न्यायाचंच झालं. पण जी शिक्षा राहायला हवी होती, व्यक्तींवरची, तीही गेली. उरला तो पैसा, आणि पैसा क्लब भरतो. मोहन बागानची कहाणी पुन्हा घडली, आकडे फक्त वेगळे.

2016 चा हंगाम

एफसी गोवा तळाला राहिला. 14 सामन्यांत 14 गुण. ती 15 गुणांची कपात टिकली असती तर तक्त्यात गोव्याच्या नावापुढे उणे एक दिसलं असतं, आणि त्या आकड्यामागे उभे असते ते खेळाडू, ज्यांचा 20 डिसेंबरच्या रात्रीच्या निर्णयाशी काडीचाही संबंध नव्हता.

3 मार्च 2023, बंगळुरू

त्याच लीगच्या बाद फेरीचा सामना, जादा वेळ. केरला ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत उभी करत असतानाच बंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने फ्री किक घेऊन गोल केला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला बाहेर बोलावलं आणि संघ परतलाच नाही. महासंघाच्या शिस्तपालन समितीने त्याच महिन्याच्या अखेरीस निकाल दिला: क्लबला 4 कोटी दंड, आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी व 5 लाखांचा वेगळा दंड. ज्याने हाक मारली त्याच्या नावावर शिक्षा लागली. अपिलात ती टिकली. क्लब स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेला, तिथेही टिकली.

प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र आपण अजून तिथवर आलेलो नाही. नबीला दगड लागला तेव्हा क्लबच्या शिक्षेवर महिनाभर काथ्याकूट झाला, दगड मारणाऱ्यावर नाही. पूर्ण स्टेडियम रिकामं ठेवण्यापेक्षा ज्या गॅलरीतून दगड आला ती बंद करा, तिथल्या कॅमेऱ्यातून हात शोधा, आणि त्या हाताला पुन्हा तिकीट मिळू देऊ नका. त्यासाठी तिकिटावर नाव हवं आणि गॅलरीला क्रमांक हवा. एवढी तजवीज 2012 मध्येही करता आली असती.